पियानो लावणाऱ्याचे हात, पाठ आणि कान

पियानो ट्यूनिंगच्या व्यवसायाविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रे आणि मुंबईत एकतीस वर्षे हे काम करणाऱ्या आमच्या स्तंभलेखकांनी त्यांना दिलेली उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : माझा मुलगा २२ वर्षांचा आहे, पदार्थविज्ञानाचा पदवीधर आहे आणि लहानपणापासून हार्मोनियम वाजवतो. आता त्याला पियानो ट्यूनर व्हायचे आहे. हे बसून करायचे, कानाचे काम असल्यामुळे शरीराला त्रास नसावा, अशी घरातल्या सर्वांची समजूत आहे. ती खरी आहे का? या माणसाचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो?
— एक आई, नाशिक

उत्तर : ही समजूत बहुतेक घरांत आढळते, म्हणून आधी तिच्याविषयीच लिहितो. पियानोला ८८ पट्ट्या असतात, पण तारा असतात सुमारे २३०, कारण खर्जातले थोडे सूर सोडले तर प्रत्येक सुरासाठी दोन किंवा तीन तारा एकत्र वाजतात. प्रत्येक तार एका पोलादी खुंटीला गुंडाळलेली असते आणि ती खुंटी लाकडाच्या जाड ठोकळ्यात, ज्याला आम्ही पिनब्लॉक म्हणतो, घट्ट रुतवलेली असते. एकेका तारेवर साधारण ७० ते ९० किलोचा ताण असतो. सगळ्या तारांचा मिळून तो १६ ते २० टनांच्या घरात जातो आणि तो पेलण्यासाठीच आत बिडाची चौकट बसवलेली असते. हा ताण तसाच राखून प्रत्येक खुंटी केसभर हलवायची, हे ट्यूनरचे काम.

खुंटी चांगली घट्ट असेल तर लिव्हरच्या, म्हणजे खुंटी फिरवायच्या लांब दांड्याच्या पान्याच्या, टोकाशी तीन ते पाच किलोचा जोर लागतो, आणि एवढा जोर लावून ती फिरवायची असते एखाद्या अंशाच्या काही भागाइतकी. भरलेली कळशी एका हाताने उचलून धरावी आणि त्याच हाताने सुईत दोरा ओवावा, असे काहीसे ते आहे. शिवाय खुंटी फिरली म्हणजे तार लगेच ऐकते असेही नाही. खुंटीला स्वतःचा पीळ असतो, तार ज्या ज्या टेकूवरून जाते तिथे ती अडकून राहते, आणि हा अडकलेला ताण सगळीकडे सारखा पसरावा म्हणून पट्टीवर जोरात, अगदी मैफलीतला वादक मारील त्याहूनही जोरात, प्रहार करावे लागतात. तसे केले नाही तर तार ट्यूनरसमोर सुरात राहते आणि संध्याकाळी वाजवणाऱ्याच्या हाताखाली उतरते. म्हणजे उजवा हात तोलून धरलेला, डावा हात ठोकत असलेला, मान तारांकडे वाकलेली आणि कान त्या आवाजापासून हात-दीड हात अंतरावर, अशा स्थितीत एका पियानोला दीड ते दोन तास जातात. दिवसाला तीन पियानो केले तर जवळजवळ सातशे खुंट्या होतात.

आता दिवसाविषयी. मी पहाटे साडेपाचला उठतो, कारण शांतता सकाळीच मिळते. पिशवीत लिव्हर, रबराच्या आणि फेल्टच्या पाचरी, फेल्टची लांब पट्टी, चिमटा, स्क्रूड्रायव्हर, तारांची भेंडोळी, सरस आणि ट्यूनिंग फोर्क असतो. हे ओझे आठ-दहा किलोंच्या खाली कधी येत नाही आणि ते घेऊन लोकलच्या गर्दीत उभे राहावे लागते. मुंबईत जुने पियानो ज्या घरांत आहेत, वांद्र्याच्या ख्रिस्ती कुटुंबांत, दादरच्या पारशी कॉलनीत, कुलाब्याच्या जुन्या इमारतींत, तिथल्या कित्येक इमारतींना उद्वाहक नाही. तीन मजले चढून गेल्यावर लगेच लिव्हर हातात घेऊ नये, हे मी फार उशिरा शिकलो. दमलेला हात खुंटीला हिसका देतो. आता मी दहा मिनिटे नुसता बसतो, झाकण उघडतो, आत कसर किंवा उंदीर लागला आहे का ते पाहतो, आणि मग सुरुवात करतो.

काम सुरू होताच पहिली विनंती असते पंखा बंद करण्याची. छताच्या पंख्याची पाती आवाज कापतात आणि सुरात एक कृत्रिम थरथर निर्माण होते. दोन तारा किंचित वेगळ्या सुरात असल्या की त्यांचा एकत्र आवाज लाटेसारखा कमीजास्त होतो. तारांमधला फरक आम्ही ज्या लाटेवरून ओळखतो, तिच्यात ही थरथर मिसळली की काहीच कळत नाही. त्यामुळे मे महिन्यातल्या दुपारीही दोन तास पंख्याविना उभे राहावे लागते, आणि घाम तारेवर पडू नये म्हणून मनगटाला रुमाल बांधावा लागतो, कारण तारेवर पडलेला घामाचा एक थेंब पावसाळ्यापर्यंत गंजाचा ठिपका झालेला असतो. घरातली माणसे समजूतदार असतात, परंतु कुकरच्या शिट्ट्या, वरच्या मजल्यावरचे ड्रिल आणि खिडकीतला कावळा यांना कोण सांगणार? आवाज थांबेपर्यंत वाट पाहायची, तोवर लक्षात धरलेली लाट निसटते, आणि तीच तार पुन्हा ऐकायची.

मुलाला परावृत्त करावे असे मला मुळीच वाटत नाही. पदार्थविज्ञान आणि हार्मोनियम ही दोन्ही त्याच्या उपयोगाची आहेत. मात्र सहा महिने त्याने एखाद्या अनुभवी ट्यूनरची पिशवी उचलून त्याच्याबरोबर हिंडावे, आणि व्यायामशाळेत खांदा, पाठ आणि पोट यांचे स्नायू आधी तयार करावेत. कानाची तयारी त्यानंतर होते. मला स्वतःला पहिल्या वर्षी एका पियानोला अख्खा दिवस लागे आणि रात्री जेवताना घास तोंडापर्यंत नेताना हात थरथरत असे.

प्रश्न : मी ४४ वर्षांचा ट्यूनर आहे. उजवा खांदा आणि अंगठ्याचे मूळ सतत दुखते. रात्री बोटे बधिर होऊन जाग येते. काम सोडणे शक्य नाही. काय करावे?
— एक व्यवसायबंधू, पणजी

उत्तर : बोटांचा रात्रीचा बधिरपणा अंगावर काढू नका. मनगटातून जाणारी नस दाबली गेल्याचे ते लक्षण असू शकते, आणि ते लवकर कळले तर उपाय सोपे असतात. अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा, आणि दाखवताना लिव्हर बरोबर न्या. तुम्ही दिवसभर नेमके काय करता हे डॉक्टरांना शब्दांनी समजत नाही. लिव्हर हातात दिली की क्षणात समजते. माझ्या कोपराच्या बाहेरच्या बाजूचा स्नायूबंध सुजला होता तेव्हा चार महिने मला चहाचा कप उचलता येत नव्हता, आणि ते चार महिने मी आधीची दोन वर्षे वेदनाशामक गोळ्या घेऊन काढल्याचा परिणाम होते. ही चूक तुम्ही करू नये, म्हणून इतके स्पष्ट लिहितो.

कामाच्या पद्धतीत काय बदलता येईल ते सांगतो. उभा पियानो, म्हणजे अपराइट, लावताना बहुतेक जण उजवा हात खांद्याच्या उंचीपर्यंत उचलून अधांतरी ठेवतात आणि मनगटाने ओढतात. त्याऐवजी कोपर पियानोच्या वरच्या कडेवर टेकवावे, लिव्हर शक्यतो उभी, घड्याळातल्या बाराच्या काट्यासारखी धरावी, आणि जोर मनगटातून न काढता शरीर किंचित मागेपुढे झुकवून द्यावा. अंगठा लिव्हरभोवती आवळू नये. बोटांच्या पेरांवर ती नुसती टेकलेली असावी. डाव्या हातानेही लिव्हर चालवायला शिका. पहिले तीन महिने काम वाकडे होईल, म्हणून ते स्वतःच्या किंवा सरावाच्या पियानोवर करा, पण एकदा जमले की दर दिवसाचा भार दोन खांद्यांत वाटला जातो. कार्बन फायबरची हलकी, ताठ लिव्हर महाग असते, तरी ती घ्या. लिव्हर स्वतः वाकत नसली की खुंटीची हालचाल हाताला नेमकी कळते आणि नको तेवढा जोर आपोआप कमी होतो.

ग्रँड पियानोच्या पट्ट्या आणि हातोड्यांचा सगळा सांगाडा दुरुस्तीसाठी बाहेर ओढावा लागतो, तो कधीही एकट्याने उचलू नका. तो जड तर असतोच, शिवाय ओढताना एखादी पट्टी चुकून दाबली गेली तर हातोड्याची दांडी मोडते, आणि ती मोडू नये या धास्तीने आपण कंबर वाकडी ठेवून सारे वजन पेलत राहतो. यजमानांना सांगा, एक माणूस मदतीला मागा. त्यात कमीपणा नाही. आणखी एक गोष्ट, जी आपल्या व्यवसायात कुणी बोलत नाही : जुन्या पियानोची तार ताण वाढवताना तुटू शकते. साधा का होईना, चश्मा लावल्याशिवाय गंजलेल्या तारांवर वाकू नका.

प्रश्न : माझे वडील ट्यूनर होते. उतारवयात त्यांना दाराची घंटा ऐकू येत नसे, तरी ते पियानो लावत. आता मी त्यांचाच व्यवसाय करतो आणि संध्याकाळी माझ्या कानांत बारीक शीळ वाजत राहते. कानावर चालणाऱ्या माणसाचेच कान असे जावेत, याला काही इलाज आहे का?
— एक वाचक, वसई

उत्तर : तुमचे पत्र मी तीनदा वाचले, कारण ती शीळ मलाही परिचित आहे.

आपण पट्टीवर जे प्रहार करतो ते बंद खोलीत, कानाच्या अगदी जवळ आणि शेकड्यांनी होतात. कामाच्या ठिकाणच्या आवाजाविषयी अमेरिकेतील संशोधन संस्थेने सुचवलेली मर्यादा आठ तासांसाठी ८५ डेसिबल आहे, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच. लहान खोलीत, फरशीवर ठेवलेल्या आणि मागे भिंत असलेल्या पियानोचे वरचे सप्तक लावताना या आकड्यांची आठवण ठेवावी.

मोठ्या आवाजाने होणारी इजा सर्वप्रथम ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात, विशेषतः ४००० च्या आसपास दिसते. पियानोचा सर्वांत वरचा सूर ४१८६ हर्ट्झचा आहे. आपले कान जिथे आधी झिजतात तिथेच पियानोचे शेवटचे टोक येते, ही या व्यवसायातली फार क्रूर गोष्ट आहे. उलट, मधल्या सप्तकात आपण ज्या लाटा मोजतो त्या बऱ्याच खाली असतात. पियानोच्या मधोमध येणाऱ्या सी या सुराच्या खालचे एफ आणि ए हे सूर एकत्र वाजवले तर सेकंदाला साधारण सात लाटा ऐकू येतात, आणि त्या ८८० हर्ट्झच्या आसपास घडतात. म्हणून तुमच्या वडिलांना घंटा ऐकू येत नसूनही पियानोचा मध्य बिनचूक लावता येत होता. त्यांच्या कामाविषयी कधी मनात शंका आली असेल तर ती काढून टाका. वरच्या दीड सप्तकात मात्र त्यांना त्रास झाला असणार, आणि तो त्यांनी कुणाला सांगितला नसणार.

इलाज म्हणाल तर गेलेले ऐकू येणे परत येत नाही. राहिलेले मात्र सांभाळता येते. कानात कापूस घालू नका. तो वरचे सूर जास्त अडवतो आणि खालचे कमी, त्यामुळे ऐकण्याचा तोल बिघडतो. संगीतकारांसाठी बनवलेले, सर्व सुरांचा आवाज जवळजवळ सारखाच कमी करणारे कर्णरक्षक मिळतात. त्यांतला साधारण १५ डेसिबल आवाज कमी करणारा प्रकार मी वापरतो. पहिला आठवडा पियानो शेजारच्या घरात वाजत असल्यासारखा वाटला. नंतर कानांना सवय झाली आणि लाटा उलट अधिक स्वच्छ ऐकू येऊ लागल्या, कारण प्रहाराचा ठोका मागे पडला. जोरकस प्रहार प्रत्येक तारेला सारखेच लागतात असेही नाही. खुंटी नीट बसवता आली तर ते निम्म्यावर येतात. कानात शीळ वाजते आहे त्या दिवशी तिसरा पियानो घेऊ नका. वर्षातून एकदा ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, काढा आणि ते कागद जपून ठेवा. माझ्या उजव्या कानाच्या आलेखात ४००० वर पडलेला खड्डा मी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला. तो दहा वर्षे आधी पाहायला हवा होता.

प्रश्न : आम्ही मुलीसाठी जुना अपराइट विकत घेतला. ट्यूनरने एका दिवसात काम न संपवता पंधरा दिवसांनी पुन्हा येईन असे सांगितले आणि दोन्ही वेळचे पैसे मागितले. हे योग्य आहे का?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : योग्य आहे. वर्षानुवर्षे न लावलेला पियानो एकूणच उतरलेला असतो. त्याला ४४० च्या पट्टीत, म्हणजे मधल्या सीच्या वरचा ए ४४० हर्ट्झला येईल अशा सुरात, आणायचे म्हणजे सगळ्या तारांवरचा ताण वाढवायचा. तो वाढला की साउंडबोर्ड, म्हणजे आतली लाकडी फळी, खाली दाबली जाते आणि आधी लावलेल्या तारा पुन्हा उतरतात. म्हणून पहिल्या फेरीत प्रत्येक तार हवी त्याहून थोडी चढी ठेवत सगळा पियानो भराभर ओढून घेतात, आणि दुसऱ्या फेरीत नीट लावतात. त्यानंतरही तारा आणि लाकूड बरेच दिवस जागा बदलत असतात. तुमच्या ट्यूनरने त्या दिवशी सुमारे २३० खुंट्या दोनदा फिरवल्या, आणि पंधरा दिवसांनी तिसऱ्यांदा फिरवायला तो येणार आहे. या श्रमांपुढे दोन वेळचे पैसे जास्त नाहीत.

पुण्याच्या हवेविषयीही सांगतो. पावसाळ्यात फळी ओल धरून फुगते आणि मधले सप्तक चढते, उन्हाळ्यात ते उतरते. वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर महिन्याभराने आणि पुन्हा उन्हाळ्याआधी, पियानो लावून घ्या. तो बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. आणि ट्यूनर आला की पंखा बंद करून त्याला पाणी द्या.

प्रश्न : मी शास्त्रीय गायन शिकवतो. तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा गंधार ऐकून पियानोपाशी गेलो की पियानोचा गंधार चढा वाटतो. माझा कान चुकतो की ट्यूनर?
— एक वाचक, मिरज

उत्तर : दोघेही चुकत नाहीत. तंबोऱ्याचा स्वयंभू गंधार षड्जाच्या सव्वापट असतो. पियानोवर बारा सुरांमधली अंतरे सारखी ठेवावी लागतात, कारण कोणताही सूर षड्ज मानून वाजवता यायला हवे. एका अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर पियानोचा गंधार स्वयंभू गंधारापेक्षा जवळजवळ चौदा भागांनी चढा असतो. पंचम मात्र फक्त दोन भागांनी उतरलेला असतो. शुद्ध पंचमाने बारा पावले चढत गेले तर सात सप्तकांच्या पुढे साडेतेवीस भाग उरतात, आणि ते बारा पंचमांत वाटून टाकावे लागतात. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर दोरा सरकवत स्वर पूर्ण उघडा होईपर्यंत थांबतात. आम्हाला प्रत्येक पंचम शुद्ध होण्याच्या किंचित अलीकडे थांबावे लागते, आणि तेही प्रत्येक ठिकाणी सारखेच अलीकडे. शुद्ध स्वरावर वाढलेल्या कानाला या थांबण्याचा थकवा फार येतो. तीन पियानोंनंतर हातापेक्षा डोके जड होते, याचे मुख्य कारण हेच आहे. मी घरी आल्यावर अर्धा तास काहीही ऐकत नाही, तंबोराही नाही.

प्रश्न : मोबाइलवरच्या अ‍ॅपने आता हे काम कुणालाही करता येते असे ऐकतो. खरे काय?
— एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : चांगली अ‍ॅप उपयोगी आहेत आणि मी ती वापरतो, विशेषतः गोंगाटात आणि वरच्या सप्तकात, जिथे माझा कान आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. सूर कुठे हवा हे अ‍ॅप दाखवते. खुंटी तिथे नेऊन ती तिथेच टिकेल अशी बसवणे हाताला शिकावे लागते, आणि त्याला काही वर्षे जातात.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ जन्मतः अंध आहे, वय १९. त्याचा कान विलक्षण आहे. अंध माणसे पूर्वी पियानो लावत असे वाचले. आज ते त्याला जमेल का?
— एक बहीण, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही वाचले ते खरे आहे. पॅरिसमध्ये क्लोद मोंताल या अंध गृहस्थांनी हा व्यवसाय नावारूपाला आणला आणि १८३६ मध्ये पियानो लावण्यावर पुस्तकही प्रसिद्ध केले. लंडनमध्ये १८७२ साली अंधांसाठी स्थापन झालेल्या रॉयल नॉर्मल कॉलेजात ट्यूनिंग हा रीतसर शिकवला जाणारा व्यवसाय होता, आणि तिथून बाहेर पडलेल्या माणसांनी त्यावर संसार केले.

खुंटी, पाचर, तार, सगळे हाताला कळते, त्यामुळे लावण्याचे काम तुमच्या भावाला जमेल यात मला शंका नाही. तुटलेली तार बदलणे, हातोड्यांचे अंतर जुळवणे हेही सरावाने येते. अवघड आहे ते रोज अनोळखी घरी पोहोचणे : जड पिशवी, फूटपाथवरचे खड्डे, दिवे नसलेले जिने. डोळस माणसाची पाठ ज्या प्रवासाने मोडते, तो प्रवास त्याला दुप्पट दमवील. म्हणून सुरुवात एकाच जागी अनेक वाद्ये असतील अशा ठिकाणी, संगीतशाळेत किंवा वाद्यांच्या दुकानाच्या कार्यशाळेत व्हावी असे मला वाटते. मुंबईला येणे शक्य असेल तर त्याला घेऊन या आणि संपादकांमार्फत आधी कळवा. माझ्याकडे सरावासाठी ठेवलेला एक जुना अपराइट आहे. खर्जातल्या एकेरी तारांपासून सुरुवात करू, आणि पहिल्या दिवशी वीस खुंट्यांपेक्षा जास्त त्याला फिरवू देणार नाही.